अंतराळातील वर्गणी आणि पृथ्वीवरचे घड्याळ

काही दिवसांपूर्वी इंदूरहून भाच्याचा फोन आला. तो तेथे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि भंवरकुआँ भागातील एका वसतिगृहात राहतो. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्याने मुद्द्याला हात घातला. "मामा, अंतराळाचा एक ऑनलाइन खेळ आहे. दर महिन्याला वर्गणी भरावी लागते. खोलीतले दोघे खेळतात. मी सुरू करू का?" त्याच संध्याकाळी म्हापशाहून बहिणीचाही फोन आला. तिचा प्रश्न वेगळा होता. "दादा, हे आपल्या मांडवीतल्या कॅसिनोसारखेच ना? पैसे भरायचे आणि हरायचे?"

दोघांनाही मी तत्काळ उत्तर दिले नाही, कारण ते मला ठाऊक नव्हते. पुढचे दोन आठवडे या खेळाविषयी मिळेल ते वाचले आणि त्याच्या विनामूल्य आवृत्तीत थोडा वेळ फिरूनही पाहिले. त्यातून जे समजले ते येथे मांडतो आहे, कारण गोव्यातून शिक्षणासाठी बाहेर गेलेली मुले आणि घरी काळजी करणारे पालक यांच्यात हा संवाद आज अनेक घरांत चालू असणार. आयआयएम (१९९६) आणि आयआयटी (२००९) या दोन्ही संस्था असलेल्या इंदूरसारख्या शहरात देशभरातून मुले येतात. घरापासून दूर, हाती लॅपटॉप, खोलीत जलद इंटरनेट आणि रात्री विचारणारे कोणी नाही, अशा परिस्थितीत घेतलेला निर्णय विचारपूर्वक असावा, इतकाच या लेखाचा हेतू आहे.

खेळ नेमका आहे तरी काय?

भाचा ज्या खेळाविषयी विचारत होता त्याचे नाव 'ईव्ह ऑनलाइन'. आइसलँडची राजधानी रेक्याविक येथील सीसीपी गेम्स या कंपनीने तो ६ मे २००३ रोजी सुरू केला. दोन दशके उलटून गेली तरी तो चालू आहे, ही या क्षणभंगुर व्यवसायातील विशेष गोष्ट. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये व्हिडिओ गेमचा संग्रह सुरू केला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या चौदा खेळांत 'पॅक-मॅन' आणि 'टेट्रिस' यांच्याबरोबर याचेही नाव होते.

न्यू एडन नावाच्या काल्पनिक तारकाविश्वात हा खेळ घडतो. त्यात सात हजारांहून अधिक तारामंडले आहेत. खेळाडू एका वैमानिकाची भूमिका घेतो. लघुग्रहांवरून खनिज काढणे, त्यापासून जहाजे बांधणे, माल स्वस्तात घेऊन दूरच्या बाजारात महाग विकणे, अज्ञात प्रदेश धुंडाळणे किंवा सरळ लुटारू होणे, यांपैकी काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. खेळाला शेवट नाही, ठरलेली कथा नाही आणि 'जिंकलो' असे म्हणण्याची वेळही नाही.

दुसरे वैशिष्ट्य अधिक महत्त्वाचे. बहुतेक ऑनलाइन खेळांत गर्दी वाढली की खेळाडूंना एकमेकांशी संबंध नसलेल्या वेगवेगळ्या प्रतींमध्ये विभागले जाते. येथे तसे नाही. चीनमधील स्वतंत्र व्यवस्था सोडली तर सारे जग एकाच विश्वात, एकाच सर्व्हरवर खेळते. इंदूरच्या मुलाने बाजारात ठेवलेले जहाज जर्मनीतला शिक्षक विकत घेतो आणि ते ऑस्ट्रेलियातल्या कोणाच्या तोफेला बळी पडते. गेलेले जहाज परत मिळत नाही. विमा असेल तर त्याची थोडी भरपाई होते, पण जहाज कायमचे जाते. म्हणूनच या खेळात जय-पराजयाला वजन आहे आणि त्याचे वेडही त्यामुळेच लागते.

हा जुगार आहे का?

बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आपल्या गोव्यात पैसे भरून खेळायचा खेळ म्हटले की मांडवीतली दिव्यांनी उजळलेली जहाजे डोळ्यांसमोर येतात. त्यात तिचा दोष नाही. पण कायद्याच्या दृष्टीने या दोन गोष्टी भिन्न आहेत.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचे प्रवर्तन आणि विनियमन करणारा केंद्रीय कायदा संमत केला. त्यात ऑनलाइन खेळांचे तीन वर्ग केले आहेत. पहिला ई-स्पोर्ट्सचा, म्हणजे स्पर्धात्मक खेळांचा. त्यांना मान्यता आहे. दुसरा सामाजिक खेळांचा, म्हणजे करमणुकीसाठी किंवा कौशल्यवृद्धीसाठी असलेल्या खेळांचा. तिसरा पैशांच्या खेळांचा. त्यांवर बंदी आहे. जिंकून पैसा मिळवण्याच्या अपेक्षेने जेथे पैसा लावला जातो, तो पैशांचा खेळ. तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, कायदा त्यात फरक करत नाही. मात्र खेळात प्रवेश मिळावा म्हणून दिलेली वर्गणी किंवा एकदाच भरलेले शुल्क ही पैज नव्हे, हे याच कायद्याने स्पष्ट केले आहे. बंदी आलेला खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही.

आता या खेळाकडे पाहू. त्यात 'इस्क' नावाचे चलन आहे. ते खेळातच कमवायचे आणि खेळातच खर्चायचे. खरे पैसे देऊन 'प्लेक्स' नावाची वस्तू घेता येते आणि ती खेळातील बाजारात विकून इस्क मिळवता येतात. पण हा रस्ता एकेरी आहे. इस्क विकून रुपये किंवा डॉलर मिळवण्याला कंपनीच्या नियमांत मनाई आहे आणि तसे करणाऱ्याचे खाते बंद होऊ शकते. पैसा आत जातो, बाहेर येत नाही. म्हणून बहिणीला मी सांगितले की हा जुगार नाही. येथे कमाईची आशा दाखवली जात नाही.

पण तेवढ्यावर निश्चिंत होणेही बरोबर नाही. जुगार नसलेल्या गोष्टीही माणसाला रिकामे करू शकतात. प्लेक्स कितीही विकत घेता येतात, ही त्यातली पहिली फट. एखादे महागडे जहाज बुडाले आणि मन खट्टू झाले की "या वेळी थोडे प्लेक्स घेऊन भरून काढू" असा विचार येतो. हरलेला डाव भरून काढण्याची ही ओढ जुगाऱ्याच्या ओढीपेक्षा फारशी निराळी नसते. 'सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही' ही आपली म्हण वसतिगृहातल्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

वर्गणी कशाची?

नोव्हेंबर २०१६ पासून हा खेळ विनामूल्यही खेळता येतो. विनामूल्य खेळणाऱ्याला 'अल्फा' आणि वर्गणीदाराला 'ओमेगा' म्हणतात. हा भेद समजला की निर्णय अर्धा झाला असे समजावे.

या खेळात कौशल्ये शिकावी लागतात. जहाज चालवणे, तोफा डागणे, व्यापार करणे अशी शेकडो कौशल्ये आहेत आणि प्रत्येकाच्या पाच पायऱ्या आहेत. ती शिकण्यासाठी बटणे दाबत बसावे लागत नाही. यादी लावून ठेवली की ती आपोआप शिकली जातात. पण त्यांना खऱ्या जगातला वेळ लागतो. पहिली पायरी काही मिनिटांत होते, तर कठीण कौशल्याची पाचवी पायरी कित्येक आठवडे घेते. तुम्ही वर्गात असा, झोपलेले असा वा सुट्टीत गोव्याला आलेले असा, घड्याळ चालूच राहते. 'टायटन' नावाचे सर्वांत मोठे जहाज हाती घेण्याइतकी तयारी व्हायला वर्षाहून अधिक काळ लागतो.

ओमेगाचे शिक्षण अल्फाच्या दुप्पट वेगाने चालते. अल्फाला ठराविक मर्यादेपर्यंतच शिकता येते आणि मोठी जहाजे त्याला मिळत नाहीत. वर्गणी थांबवली तर ओमेगाची कौशल्ये नष्ट होत नाहीत. त्यांना कुलूप लागते आणि पुन्हा वर्गणी भरली की ते उघडते. म्हणजे महिन्याच्या वर्गणीतून मुख्यतः दोन गोष्टी मिळतात: वेग आणि मोठ्या दालनांची किल्ली. आत शिरण्यासाठी वर्गणी लागत नाही.

वर्गणीचा अमेरिकी दर २००३ नंतर बरीच वर्षे महिना सुमारे १५ डॉलर होता. मे २०२२ मध्ये तो जवळजवळ २० डॉलर झाला. रुपयांत हे साधारण १,७०० ते १,८०० होतात. परदेशी डिजिटल सेवांवर भारतात १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, हे वेगळे ध्यानात ठेवावे. दिवसाला सुमारे साठ रुपये म्हटले तर इंदूरच्या पोहे-जिलबीच्या न्याहारीएवढाच खर्च वाटतो. वर्षाचा म्हटला की तो वीस हजारांच्या वर जातो. एकच रक्कम, पण सांगण्याच्या पद्धतीने लहान किंवा मोठी दिसते. वर्गणीचा विचार करताना नेहमी वर्षाचा आकडा मांडावा.

आणखी एक व्यवहारी गोष्ट. अशा वर्गण्या आपोआप नव्या होत राहतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आवर्ती रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळायला हवी. ती सूचना येते, पण संदेशांच्या ढिगात हरवते. म्हणून वर्गणी भरल्या दिवशीच आपोआप नूतनीकरण बंद करावे. भरलेला महिना तसाही पूर्ण वापरता येतो, आणि पुढच्या महिन्यात पैसे भरण्यासाठी पुन्हा हात उचलावा लागला तर त्या क्षणी विचारही करावा लागतो. आईवडिलांचे कार्ड खात्याशी जोडून ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको.

खरी किंमत घड्याळात

येथवरचा हिशेब सोपा होता. भाच्याला मी सांगितले की पैशांपेक्षा दुसरा हिशेब कठीण आहे, आणि तो वेळेचा आहे.

या खेळाचे घड्याळ ग्रीनिचच्या प्रमाणवेळेवर चालते. गंमत अशी की इंदूरपासून जेमतेम पंचावन्न किलोमीटरवर असलेल्या उज्जैनचे रेखावृत्त प्राचीन भारतीय ज्योतिषांनी शून्य मानले होते. आकाशाचे गणित तेथून मोजले जाई. आजच्या या कृत्रिम आकाशाचे गणित मात्र साडेपाच तास मागे असलेल्या घड्याळावर चालते, आणि त्याचा परिणाम थेट झोपेवर होतो.

सर्व्हर रोज ग्रीनिचच्या सकाळी ११ वाजता, म्हणजे आपल्या दुपारी साडेचारला, देखभालीसाठी थोडा वेळ बंद होतो. कंपनीने ही वेळ निवडली, कारण तेव्हा युरोप कामावर असतो आणि अमेरिका झोपेत किंवा नुकतीच जागी होत असते. खेळाची खरी गर्दी युरोपच्या संध्याकाळी होते. हिवाळ्यात मध्य युरोपात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा इंदूरमध्ये रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. तेथील मंडळी चार तास खेळून रात्री अकराला झोपायला जातात, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन होतात. न्यूयॉर्कच्या रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपल्या सकाळचे साडेसहा.

खेळाडू एकटा असेल तर याने काही बिघडत नाही. खाणीत काम करायला किंवा बाजारात माल लावायला दुपारही चालते. पण या खेळाची ख्याती ज्या गोष्टींसाठी आहे, त्या सर्व गोष्टी गटाने होतात. खेळाडू एकत्र येऊन 'कॉर्पोरेशन' स्थापतात, अनेक कॉर्पोरेशन मिळून आघाडी होते आणि आघाड्या प्रदेशांसाठी लढतात. गटाचे आरमार निघण्याची वेळ ठरलेली असते, आणि ती बहुतेकदा इंदूरच्या सराफ्यातली खाऊगल्ली आवरत असते तेव्हाची असते.

याचे टोक कोठवर जाते याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २७ जानेवारी २०१४ रोजी 'बी-आर५आरबी' नावाच्या तारामंडलावर ताबा ठेवण्यासाठी भरायची खेळातील नियमित रक्कम एका आघाडीकडून भरली गेली नाही. त्या मंडलाचा ताबा उघडा पडला, शत्रू धावून आला आणि युद्ध पेटले. ते सुमारे २१ तास चालले. साडेसात हजारांहून अधिक पात्रे त्यात सहभागी झाली आणि ७५ टायटन नष्ट झाले. खेळातील नुकसानाची खऱ्या पैशांतील अंदाजी किंमत तीन लाख डॉलरच्या घरात सांगितली गेली. गर्दी इतकी झाली की सर्व्हर कोलमडू नये म्हणून त्या मंडलातील वेळ नेहमीच्या एक दशांश गतीने चालवला गेला. दहा सेकंदांत व्हायची गोष्ट शंभर सेकंदांत होऊ लागली. बातमी म्हणून हे वाचायला रंजक आहे. पण २१ तास चाललेल्या त्या लढाईत कोणाची झोप गेली असेल, कोणाचे काम बुडाले असेल, कोणाची परीक्षा दुसऱ्या दिवशी असेल, याची नोंद कोणत्याही इतिहासात नाही.

भाच्यासाठी मी साधा हिशेब मांडला. रोज दोन तास खेळले तर महिन्याला साठ तास होतात. चार महिन्यांच्या सत्रात २४० तास. आठवड्याला चार तास असलेला एखादा विषय चौदा आठवडे शिकवला तर त्याचे ५६ तास होतात. म्हणजे एका सत्रात खेळाला दिलेला वेळ अशा चार विषयांच्या व्याख्यानांएवढा भरतो. वर्गणीचे चार महिन्यांचे सुमारे सात हजार रुपये या २४० तासांपुढे फार लहान आहेत. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण पैशांना लावतो. येथे ती तासांना लावायची आहे.

माणसे आणि विश्वास

वेळेइतकाच दुसरा मुद्दा माणसांचा. या खेळात फसवणुकीला खेळाचाच भाग मानले जाते. भोळ्या नवशिक्याला खोटा व्यवहार दाखवून लुटणे, वर्षभर विश्वास संपादून मग गटाची तिजोरी रिकामी करणे, शत्रूच्या गटात हेर पेरणे, हे सर्व खेळाच्या चौकटीत राहून केले तर कंपनी हस्तक्षेप करत नाही. खऱ्या आयुष्यातील धमकी आणि छळ यांना मात्र मनाई आहे. पहिल्यांदा लुटले गेल्यावर हसता येणे हा या खेळाचा प्रवेशपरीक्षेसारखा भाग आहे. जे हसू शकत नाहीत त्यांनी दुसरा खेळ शोधलेला बरा.

याच विश्वात विलक्षण चांगुलपणाही आहे. 'ईव्ह युनिव्हर्सिटी' नावाची खेळाडूंनीच चालवलेली संस्था २००४ पासून नवशिक्यांना फुकट शिकवते. तिचे वर्ग असतात, टिपणे असतात, शिक्षक असतात. खेळाडूंनी निवडून दिलेले एक प्रतिनिधी मंडळ २००८ पासून कंपनीपुढे खेळाडूंचे म्हणणे मांडते. वर्षानुवर्षे एकत्र खेळणाऱ्यांची मैत्री पडद्याबाहेरही टिकते. रेक्याविकच्या बंदरावर २०१४ मध्ये या खेळाडूंच्या सन्मानार्थ एक शिल्प उभारले गेले आहे.

पण मैत्री आली की तिच्याबरोबर जबाबदारी येते. गटात चांगला वैमानिक म्हणून नाव झाले की बोलावणी येऊ लागतात. "आज रात्री ये, माणसे कमी आहेत" असा निरोप आला की नाही म्हणणे अवघड होते, कारण पलीकडे यंत्र नसते, माणूस असतो. अनेकांना खेळाचा कंटाळा आलेला असतो, तरी गटासाठी ते वर्गणी भरत राहतात. वर्गणीचे हे अदृश्य टोक कोणत्याही दरपत्रकावर लिहिलेले नसते.

मिळते काय?

एवढे ऐकून कोणी म्हणेल की मग नाहीच सुरू केलेले बरे. तसे मला वाटत नाही. हा खेळ काही गोष्टी खरोखर शिकवतो. त्याचा बाजार खेळाडूंच्या मागणी-पुरवठ्यावर चालतो आणि त्यातील अर्थव्यवस्था इतकी गुंतागुंतीची झाली की कंपनीने २००७ मध्ये तिच्या अभ्यासासाठी एका अर्थशास्त्रज्ञाची नेमणूक केली. त्यात व्यापार करणारा मुलगा नफा, साठा, वाहतुकीचा धोका आणि किमतीतील चढउतार या कल्पना तक्त्यांवर मांडायला आपसूक शिकतो.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे 'प्रोजेक्ट डिस्कव्हरी'. २०१६ पासून या खेळातच खऱ्या विज्ञानाचे एक काम जोडले गेले. सुरुवातीला खेळाडूंनी मानवी पेशींतील प्रथिनांच्या चित्रांचे वर्गीकरण केले. २०१७ मध्ये जिनिव्हा विद्यापीठाच्या सहकार्याने सौरमालेबाहेरील ग्रहांच्या शोधासाठी ताऱ्यांच्या प्रकाशाचे आलेख तपासले गेले. २०२० मध्ये कोविडच्या अभ्यासाला उपयोगी पडणारी रक्तपेशींची माहिती त्यांच्यापुढे ठेवली गेली. हे काम विनामूल्य खेळणाऱ्यालाही करता येते. खेळता खेळता विज्ञानाला हातभार लावण्याची अशी संधी क्वचितच मिळते.

आणि शेवटी करमणूक ही स्वतःच एक गरज आहे. दिवसभराच्या अभ्यासानंतर मुलाने तासभर खेळणे यात पाप नाही. क्रिकेट पाहण्यात रात्र घालवणाऱ्या आम्हा मामांनी तरी तसे म्हणू नये.

वर्गणीशिवायचे पर्याय

अंतराळात मनसोक्त भटकायचे एवढीच इच्छा असेल तर वर्गणीची गरज नाही. 'एलिट डेंजरस' (२०१४) या खेळात आपल्या आकाशगंगेची प्रतिकृती आहे. ४०० अब्ज ताऱ्यांच्या त्या पसाऱ्यात कोठेही जाता येते. 'नो मॅन्स स्काय' (२०१६) मध्ये गणिती सूत्रांतून तयार होणारे असंख्य ग्रह आहेत. दोन्ही एकदाच विकत घ्यायचे आहेत. महिनाभर हात लावला नाही तरी काही वाया जात नाही आणि पलीकडे कोणी वाट पाहत नसते. ज्याला एकांतात फिरायला आवडते त्याने हे पाहावेत. ज्याला माणसांचा बाजार, राजकारण आणि युद्ध हवे आहे त्याच्यासाठीच 'ईव्ह' आहे.

निर्णय कसा घ्यावा?

भाच्याला मी 'खेळ' किंवा 'खेळू नकोस' असे सांगितले नाही. वयाने तो वीस वर्षांचा आहे. त्याऐवजी एक क्रम सुचवला, तो कोणालाही उपयोगी पडेल.

पहिला महिना फक्त विनामूल्य खेळावे. या महिन्यात कोणतेही कार्ड जोडू नये. नवशिक्यांपैकी अनेक जण या खेळाच्या किचकटपणाला कंटाळून पहिल्या काही दिवसांतच सोडून देतात. तुम्ही त्यांतले आहात की नाही हे फुकटात कळते.

त्याच महिन्यात खेळाचे तास वहीत लिहावेत. मनात धरलेला आकडा आणि वहीतला आकडा यांत बरेच अंतर असते. ठरवलेल्या तासांपेक्षा दीडपट अधिक भरले तर वर्गणी भरल्यावर ते आणखी वाढतील, हे समजून घ्यावे.

गटात सामील होण्यापूर्वी त्याच्या खेळण्याच्या वेळा विचाराव्यात. ऑस्ट्रेलियातील गटांची संध्याकाळ आपल्या दुपारी येते आणि रशियन गटांची आपल्या रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास. युरोपीय गटांपेक्षा या वेळा भारतीय विद्यार्थ्याच्या झोपेला मानवणाऱ्या आहेत.

वर्गणी भरायचीच असेल तर एका महिन्याची भरावी. वर्षाची एकदम भरली तर दर कमी पडतो खरा, पण स्वस्तात घेतलेले अकरा महिने मग 'पैसे वाया जातील' या भीतीने खेळावे लागतात. सत्र संपल्यावर, सुट्टीच्या महिन्यात पहिली वर्गणी भरणे सर्वांत उत्तम.

खेळातून गमावण्याची तयारी नसेल ते जहाज बाहेर काढू नये. आणि बुडालेले भरून काढण्यासाठी खरे पैसे कधीही घालू नयेत. हा एक नियम मोडला गेला की बाकीचे सारे नियम मोडायला वेळ लागत नाही.

पालकांसाठीही एक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार समाविष्ट आहे आणि ते वर्गीकरण २०२२ पासून लागू आहे. पण केवळ पुष्कळ खेळतो म्हणून कोणी रुग्ण ठरत नाही. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला प्राधान्य देणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे आहेत, आणि ती साधारण वर्षभर टिकावी लागतात. शंका वाटली तर मुलावर ओरडण्यापूर्वी सरकारच्या टेलि-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. मुलाला "किती पैसे घालवलेस?" असे विचारण्याऐवजी "काल किती वाजता झोपलास?" असे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लवकर खरे सांगून टाकते.

गेल्या रविवारी भाच्याचा पुन्हा फोन आला. तीन आठवडे तो विनामूल्य खेळला. वहीत एकतीस तास भरले होते. त्याने मनाशी वीस धरले होते. दोन रात्री तो अडीचपर्यंत जागा होता आणि एका सकाळच्या प्रयोगशाळेच्या तासाला उशिरा पोहोचला. हे सारे त्याने न विचारता सांगितले. "वर्गणी परीक्षेनंतर बघतो, मामा," असे म्हणून त्याने विषय संपवला. परीक्षेनंतर तो भरेल की नाही हे मला माहीत नाही. भरली तरी ती डोळे उघडे ठेवून भरलेली असेल. बहिणीला मी तेवढेच कळवले, आणि तिने विचारले, "पण तो झोपतो ना वेळेवर?" मी म्हटले, "तेच आता तो वहीत लिहितो आहे."